इंजिनातलं मीठ

"सारा जन्म खाऱ्या पान्यात काढला ह्यानं, तवा काय झालं न्हाई. आन् आपल्या घरी एक पावसाळा ठिवलं, तर सडलं!"

जस्टिन पुटपुटत होता इंजिनाशी, पण बॅटरी धरून शेजारी बसलेल्या दयाच्या अगदी कानाशी. बॅटरीचा झोत बाजूला सरकला.

"वहिनी, उजेड इकडं."

दयानं बॅटरी धरली आणि जीभही आवरली. धाकटा दीर होता, हर्णैला पर्यटकांची बोट चालवणारा. बोटीचं हे जुनं इंजिन पावसाआधी त्यानं टेम्पोत घालून राहुरीला आणलं होतं. थोरला शलमोन, दयाचा नवरा, ट्रॅक्टरची इंजिनं खोलायचा, तो हेही नीट करील म्हणून. जाताना बजावलं होतं, "समुद्राचं मीठ आत बसलंय. गोडं पानी भरून ठिवा, दर रविवारी बदला." मीठ लोखंडाऐवजी जस्त खाईल म्हणून आत जस्ताचा नवा तुकडाही बसवून गेला होता.

आता तो तुकडा झिजून सुपारीएवढा उरला होता. पाण्याच्या वाटा पांढऱ्या खरपुडीनं बुजलेल्या. आणि दिवाळीचे पर्यटक तोंडावर.

"दादा, पानी बदललं असतं तर असं झालं असतं का?"

"बदललं न्हाई?" दया उसळली. "चर्चमधनं आल्यावर चांगल्या साडीनिशी नळी धरून उभी ऱ्हायची मी!"

"समुद्राचं मीठ लई चिवट," शलमोन शेडच्या पत्र्याकडं बघत म्हणाला. "दडून ऱ्हायलं असंल."

"टेम्पोत वारं लागलं असंल," बाजेवरून सासू, हेलनबाई.

दयानं दोघांकडं पाहिलं. चहा फाटला की ह्यांच्या मते दूध नासकं. डाळ शिजेना तर डाळ जुनी. खोलगटातला ऊस पिवळा पडला तर बेणं रोगट. तीही मान डोलवत आली होती. आज सकाळी जस्टिनचा चहा तेवढा जारच्या पाण्याचा कर, असं सासूनं हळूच सांगितलं, तेव्हाही डोलवलीच. कारण दर फोनला सासूचं एकच, "बोट सोड, पोरा. रानातला तुझा निम्मा वाटा तुझी वाट बघतोय." आणि पोरगा आता कुठं विचार करायला लागला होता.

जस्टिननं फडक्याला हात पुसले. "येळ मिळाला न्हाई, असं सरळ सांगा ना, वहिनी. खोटं कशाला?"

खोटं! तिनं बॅटरी इंजिनावर आदळली.

"मी खोटी? मंग ही नळी कुठनं येती ते इचारा तुमच्या दादाला! बोअरमधनं येती. तोंडात धरवत न्हाई ते पानी. समुद्रावर कशाला ढकलताय सगळे?"

"दया, गप," शलमोन म्हणाला.

"लई दिस गप बसले. भावजी, बोट सोडू नका. आपलं रान खारावलंय. आमचं बी आन् तुमच्या वाट्याचं बी."