चोवीस पौंडांचे टाके

मी एक जुना कमरपट्टा आहे. मित्रांनो, चामडं जन्मभर एकच गोष्ट शिकतं: भार सोसावा आणि तक्रार करू नये. मी मात्र पहिल्याच दिवशी करकरलो, आणि आजही संधी मिळाली की करकरतो.

माझा मालक झाडं छाटतो. त्याची बायको खेळाच्या दुकानात रॅकेट विणून देते. तो झाडावर सरसर चढायचा, माकडाला लाज वाटावी असा. एकदा तसाच सरसर खालीही आला आणि खांद्याचं हाड मोडून दीड महिना घरी बसला. हाड जुळलं. बायकोची झोप मात्र उडाली ती उडालीच. "कमरेला पट्टा आणि खोडाला दोर बांधल्याशिवाय फांदीला हात लावायचा नाही," तिने बजावलं, आणि पट्टा स्वतःच करायला घेतला.

चामडं तिने उत्तम निवडलं. हे मी म्हणतोय म्हणून नव्हे. शेजारचे चपला शिवणारे काका मेण लावलेला दोरा द्यायला तयार होते. ती म्हणाली, "दोरा कुजतो, काका. आमची रॅकेटची दोरी बघा, रोज हजार फटके खाते." काकांनी हात जोडले.

तिने आरीने भोकं पाडली, पिवळी नायलॉनची दोरी ओवली आणि हाताच्या सवयीने प्रत्येक टाका दुकानातल्या दोरी ताणायच्या यंत्रावर, रॅकेटसारखाच, चोवीस पौंडांनी ताणला. रॅकेटला चौकट असते. मला नव्हती. शेवटचा टाका पडेपर्यंत मी फ्रॉकच्या झालरीसारखा चुणलो आणि चांगला चार बोटं आखडलो.

"अगं, हा माझ्या मापाचा आहे की तुझ्या?" मालकाने विचारलं.

"पोट आत घ्या."

"घेतलंय."

"हे आत?"

काका धावत आले. "वहिनी, हे चामडं आहे, बॅडमिंटन नाही! द्या इकडे, उसवून नीट शिवतो." ती ओशाळली, कबूलही झाली. पण काम ठरलेलं होतं, म्हणून त्या दिवशी मालक मला तसाच आवळून चढला. ती खाली उभी राहिली, मान वर, मुठी घट्ट.

दोन फांद्या चढून तो थांबला.

"अहो, काय झालं?"

"श्वास घेतोय!"

पुन्हा दोन फांद्या, पुन्हा मुक्काम. थांबला की पाय नीट रोवायचा, माझ्या कडीतला दोर खोडाभोवती सरकवायचा, मगच पुढे. दहा मिनिटांच्या कामाला तास लागला. तो उतरला तो लालबुंद, पण स्वतःच्या पायांनी.

काका आरी घेऊन तयारच होते. "राहू द्या काका," ती म्हणाली. "छान बसलाय."

अकरा वर्षं मी त्याच्या पोटाशी झुंजलो. लोक पिवळ्या टाक्यांना आधी हसले, मग तसाच पट्टा मागू लागले. ती प्रत्येकाचं माप घ्यायची आणि चार बोटं कमीच धरायची.

आता उंच शिडीची गाडी आली आहे. मी दारामागच्या खिळ्यावर असतो. माझ्यावर छत्री टांगतात. मित्रांनो, घरच्या कुणी हाताने काही करून दिलं असेल, तर ते टोचलं तरी वापरा, आणि चामड्याचं असेल तर महिन्यातून एकदा तेल लावा. ती अजून लावते, एकेक टाका अंगठ्याने दाबून बघत.

"हा पट्टा नसता, तर मी आज नसतो," मालक पाहुण्यांना सांगतो.

अकरा वर्षांत तो एकदाही घसरला नाही, त्यामुळे माझे टाके त्याचं वजन पेलतात की नाही, हे अजून कुणालाच माहीत नाही.