कडक रुमाल, मऊ रुमाल

टायरच्या जुन्या गोदामात एवढी माणसं कोंबली होती की पंख्यांचा वारा वरच्या वरच विरत होता. समोर उंच खुर्चीवर रुमालबाबा. पांढरेशुभ्र कपडे, बाहीची घडी अशी की बोट कापावं. ती खळ आणि ती इस्त्री आमच्याच लॉन्ड्रीची, म्हणून सांगते.

"सुई नाही, टोचणं नाही, उद्या या, परवा या नाही!" बाबा गर्जत होता. "डॉक्टर रक्त काढून वाचतो, मी न काढता वाचतो. रक्तातलं विष रुमालात उतरतं. आणि रुमाल खोटं बोलतो का?"

"नाही!" अख्खं गोदाम ओरडलं.

एक जाडगेला दुकानदार पुढे गेला. चेल्याने त्याच्या मुठीत पांढरा रुमाल दिला. बाबाने डोळे मिटले, ओठ हलवले आणि वाटीतलं अमृतजल मुठीवर शिंपडलं. रुमाल उघडला तर निळा-काळा पडलेला! दुकानदाराची बायको किंचाळली. चेल्याने तो रुमाल चिमट्यात धरून लगेच शेगडीत टाकला. "विष आहे, पण जळेल. अमृतजल घ्यायचं, बाबांवर विश्वास ठेवायचा, पुन्हा यायचं," असं त्याला सांगून बसवलं. कुठला रोग, काय रोग, कुणी विचारत नव्हतं. कावीळ म्हणा, साखर म्हणा, नाव न घ्यायचा आजार म्हणा, बाबाला सगळं सारखंच.

"आता ज्याचं जळालंय त्याला बघा!" बाबा म्हणाला, आणि माझा धाकटा भाऊ उठला.

पहिल्या खेपेला त्याचाही रुमाल काळा पडला होता. आज शिंपडलं, मूठ उघडली, आणि रुमाल स्वच्छ. जरासा पिवळट, बस. "विष जळालं!" बाबा ओरडला. "जळालं!" लोक ओरडले. माझा भाऊ तिथेच मटकन खाली बसला आणि हुंदके देऊन रडला. पुढच्या रांगेत माझी भावजय दोन्ही हातांनी तोंड झाकून बसली होती. मी मागे भिंतीला टेकून उभी होते आणि मनात म्हणत होते, नाटकी मेला! पण नाटक कुठे होतं ते मला दिसेना, आणि भावाचं रडणं तर खरं होतं.

आता त्याचं दुखणं सांगते. लग्नाला काही वर्षं झाल्यावर त्याच्या रक्तात एचआयव्ही निघाला. कुठून आला, कसा आला, मी विचारलं नाही. भावजयीने विचारलं असेल, तो त्या दोघांचा मामला. तिची तपासणी झाली, ती चांगली निघाली. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी धाकट्याला रोजची गोळी सुरू केली, आणि दोघांना समोर बसवून संबंधांच्या वेळी काय काळजी घ्यायची, कंडोम कसा वापरायचा, सगळं आडपडदा न ठेवता सांगितलं.

पण धाकट्याने त्याच दिवशी अंथरूण उचललं आणि इस्त्रीच्या खोलीत नेलं. इस्त्रीच्या लांब टेबलावर झोपायचा. गावाचे कपडे एकत्र धुणारा माणूस, स्वतःचे कपडे वेगळ्या बादलीत धुवायला लागला. कप वेगळा, साबण वेगळा. भावजयीने हातात काही दिलं तर म्हणायचा, "तिथे ठेव, मी घेतो." पुढे डॉक्टरीणबाईंनी दोघांना पुन्हा बोलावलं. म्हणाल्या, "गोळ्यांनी उत्तम काम केलंय. विषाणू आता मोजणीत सापडतच नाही. रोज गोळी घेत राहा, तपासण्या चुकवू नका. हे असं टिकलं की संबंधातून बायकोला लागण होत नाही. घाबरू नका, नीट संसार करा." भावजय किती आनंदाने घरी आली होती! आणि हा? "सापडत नाही म्हणजे लपून बसलाय," म्हणाला, आणि पुन्हा टेबलावर जाऊन झोपला.

एकदा दुपारी आम्ही दोघी चादरींच्या घड्या घालत होतो. दोन टोकं तिच्या हातात, दोन माझ्या. घडी घालत घालत जवळ आलो, माझी बोटं तिच्या बोटांना लागली, आणि ती रडायलाच लागली.

"अगं, झालं काय?"

"ताई, मला कुणी हातच लावत नाही हो," ती म्हणाली.

मी तिला जवळ घेतलं. चादर पडली खाली, पुन्हा धुवावी लागली.

त्यानंतरच बाबाचं खूळ घरात शिरलं. शिरलं ते भावजयीच्या पायांनी, धाकट्याच्या नव्हे. मी चिडले, बोलले, तोंड दुखेपर्यंत बोलले. ती एवढंच म्हणाली, "ताई, एकदा जाऊ द्या."

आणि जळालं ना विष! त्या दिवशी गोदामातून आल्या आल्या धाकट्याने अंथरूण टेबलावरून उचललं. भावाच्या संसारात डोकावू नये, पण घर लहान, कान तर बंद करता येत नाहीत. किती दिवसांनी त्यांच्या खोलीतून हसणं ऐकू आलं. सकाळी हा शीळ घालत इस्त्री करतोय, ती त्याच्या पाठीत गुद्दा घालून म्हणतेय, "अहो, कॉलर जळेल!" जाता-येता एकमेकांना धक्के काय, भांडणं काय! मी म्हटलं, जाऊ दे, बाबा लबाड असेल, पण माझी माणसं हसताहेत. माझंही तोंड बंद झालं.

धाकटा बाबाचा सेवेकरी झाला. बाबाचे कपडे तर येतच होते, आता रुमालही फुकटात धुवायला आले. चेला दोन गठ्ठे आणून टाकायचा. लाल दोऱ्याचा गठ्ठा कडक खळीचा हवा, पांढऱ्या दोऱ्याचा बिनखळीचा, मऊ. "इकडचे तिकडे होऊ देऊ नका हं," दर वेळी बजावून जायचा. आमच्या वडिलांपासूनचा लॉन्ड्रीचा दंडक असा, की गिऱ्हाईक म्हणेल तसं करून द्यायचं, का ते विचारायचं नाही. कुणाला कॉलर कडक लागते, कुणाला टोचते. आम्ही विचारलं नाही.

मग भावजयीला ताप भरला. घसा सुजला, अंगावर पुरळ, गळ्यात गाठी. धाकटा तिला बाबाकडे घेऊन गेला. तिथे तिचा रुमाल स्वच्छ निघाला. "पोरगी निर्मळ आहे, साधा ताप आहे," बाबा म्हणाला. ताप उतरेना, तेव्हा मी कुणाला न विचारता तिला रिक्षात घातलं आणि डॉक्टरीणबाईंपुढे नेऊन बसवलं.

डॉक्टरीणबाईंनी तपासणी केली, आणखी एक करून खात्री केली. मग आमच्याजवळ खुर्ची ओढून बसल्या.

"लागण झालीय," त्या म्हणाल्या. "अलीकडेच झालीय. तुमचे मिस्टर गोळ्या घेताहेत ना?"

"घेतात की," भावजय म्हणाली.

घेत नव्हता. मी तिथूनच त्याला फोन लावला, तेव्हा कबूल झाला. बाबाने त्याला कानात सांगितलं होतं, "अमृत आणि औषध एका देहात नांदत नाही." रोजची गोळी तो मोरीत टाकायचा, साबणाच्या पाण्याबरोबर. आनंदाच्या भरात बायकोला सांगायचंही त्याला सुचलं नव्हतं. गोळी थांबली, विषाणू पुन्हा वाढला, आणि हा बरा झालेला माणूस बायकोजवळ निजला. मनात भीती नाही, कसली काळजी घेणं नाही. तो स्वतःला विषारी समजत होता तोवर पोरगी चांगली होती. बाबाने त्याला निर्मळ केला आणि तिला रोग लागला.

दवाखान्याबाहेरच्या बाकावर ती माझ्याजवळ बसली. मग म्हणाली, "ताई, बाबा खोटा आहे हे मला पहिल्या दिवशीच वाटलं होतं."

"मग का गं नेलंस त्याला?"

"डॉक्टरीणबाईंचं मला पटलं होतं. ह्यांना पटेना. ह्यांना कुणीतरी ठणकावून सांगायला हवं होतं, की तू बरा झालास, जा बायकोकडे. मला वाटलं, गोळी चालूच आहे, बाबा वरून काय सांगायचं ते सांगेना का. मला काय माहीत, हे गोळीच सोडतील!"

मी तिचा हात हातात घेऊन बसले.

धाकट्याने मात्र मानलं नाही. "मशीन चुकलं असेल. तिचा रुमाल स्वच्छ होता, मी डोळ्यांनी पाहिला," हेच धरून बसला. मला कळत होतं. रुमाल खोटा ठरला तर बायकोला आपण काय दिलं ते मान्य करावं लागणार. ते त्याला झेपत नव्हतं.

त्याच आठवड्यात बाबाचे कपडे धुवायला आले. उजव्या बाहीच्या टोकाला निळे-काळे ठिपके. मी साबण लावायला बाही हातात घेतली आणि थांबले. हे डाग मला परके नव्हते. आमच्याकडे एका खासगी दवाखान्याच्या खळीच्या चादरी येतात. जखमेवर लावायचं ते तपकिरी आयोडीनचं औषध चादरीवर सांडलं की अस्साच निळा-काळा डाग पडतो. बिनखळीच्या पट्टीवर तेच औषध सांडलं तर नुसतं पिवळट. वर्षानुवर्षं मी ते डाग काढत आले.

मी धाकट्याला हाक मारली. टेबलावर लाल गठ्ठ्यातला एक रुमाल ठेवला, पांढऱ्यातला एक. प्रथमोपचाराच्या पेटीतलं औषध पाण्यात पातळ केलं, चहाच्या रंगाचं. अमृतजलाचा रंगही तोच.

"शिंपड," मी म्हटलं.

त्याने शिंपडलं. कडक रुमाल काळानिळा झाला, मऊ तसाच राहिला.

त्याने दुसरे दोन घेतले. मग आणखी दोन. प्रत्येक वेळी मऊ रुमालाकडे असा बघायचा, जणू हा तरी काळा पडेल. सगळं टेबल रुमालांनी भरलं. मग तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "ताई, मला हाताला लागलं होतं गं. पहिल्यांदा मुठीत दिलेला कडक होता, दुसऱ्यांदाचा मऊ. कापडच हाताळतो मी, कळणार नाही होय? पण मला वाटलं, विष गेलं म्हणून मऊ लागतोय."

असं म्हणून त्याने टेबलावर डोकं आपटलं. मी आणि भावजयीने मिळून त्याला धरला.

पुढच्या बैठकीला बाबाचे कपडे धाकट्यानेच पोचवले. खळ अशी घातली होती की कपडे उभे राहावेत. बाबा खुश. गोदाम भरलं, "रुमाल खोटं बोलतो का?" झालं, "नाही!" झालं. अमृतजलाची वाटी धरायला सेवेकरी म्हणून माझा भाऊच उभा. त्याने ती वाटी उचलली आणि शांतपणे बाबाच्या छातीवर ओतली.

छाती, पोट, मांड्या, जिथे जिथे पाणी गेलं तिथे तिथे बाबा निळा-काळा!

"बाबा," मी मागून ओरडले, "तुमच्यात तर विषाची विहीरच निघाली की हो!"

आधी सगळे गार झाले. मग कुणीतरी फिस्सकन हसलं आणि गोदाम हसायला लागलं. धाकट्याने दोन्ही गठ्ठे सोडले, एक कडक, एक मऊ रुमाल घेतला आणि उरलेलं पाणी शिंपडून दाखवलं. "ही खळ आहे, हे आयोडीन आहे," तो म्हणाला. "दोन्ही भेटले की रंग येतो. कुणाच्याही रक्ताचा ह्याच्याशी संबंध नाही. रुमाल मीच धुतले, खळ मीच घातली." चेला शेगडी तिथेच टाकून पळाला. बाबाला दुकानदाराने दंडाला धरून बसवलं, पोलीस येईपर्यंत हलू दिलं नाही. लोक पोट धरून हसत होते. आम्ही तिघं मात्र हसलो नाही.

घरी आल्यावर धाकट्याने अंथरूण उचललं आणि इस्त्रीच्या खोलीकडे निघाला. भावजय दारात आडवी उभी राहिली.

"कुठे निघालात?"

"मी तुला..."

"झालं ते झालं. गोळ्या तुम्हालाही आहेत, मलाही आहेत. दोघांनी रोज घ्यायच्या, डॉक्टरीणबाई सांगतील तसं राहायचं. तुम्हाला माझी भीती होती ना, मला होईल म्हणून? आता झालं. आता तरी जवळ या."

तो अंथरुणासकट तिथेच बसला. ती त्याच्या शेजारी बसली आणि तिने त्याच्या खांद्यावर डोकं ठेवलं. मी चहाच्या निमित्ताने आत गेले आणि रडून घेतलं.

ऐकणाऱ्यांनो, बाबाची सगळी विद्या म्हणजे घरातली चमचाभर खळ आणि जखमेच्या औषधाचे चार थेंब. करून बघा, पोरांना दाखवा. आणि घरात कुणाला हा आजार असेल तर त्याची गोळी चुकू देऊ नका, त्याचं अंथरूण वेगळं टाकू नका, जवळ कसं यायचं ते डॉक्टरांना न लाजता विचारा. माझ्या भावाला जे हवं होतं, बायकोला निर्धास्त जवळ घेणं, ते त्याला त्या रोजच्या गोळीने कधीच देऊन टाकलं होतं. डॉक्टरीणबाईंनी ते साध्या आवाजात सांगितलं म्हणून त्याला खरं वाटलं नाही, आणि बाबाने ओरडून सांगितलं म्हणून वाटलं. आमच्या घरातली ती चांगली पोरगी तेवढ्यापायी आजारी पडली.