मटण न शिजणारं घर

नवऱ्याला दवाखान्यातनं सोडताना समुपदेशक मोनाताईंनी पूर्णिमाला समोर बसवून नीट समजावलं होतं. तलफ उठली की यांना एकटं सोडू नका, बोलतं ठेवा, पाणी पाजा, फिरायला न्या, आणि पोट रिकामं ठेवू नका, आवडीचं करून घाला. बाकीचं पूर्णिमाच्या डोक्यावरनं गेलं, पण शेवटचं तेवढं तिनं पदराला गाठ मारून घरी आणलं. कारण नवऱ्याच्या दारूपुढं तिला येत असलेलं एवढं एकच काम त्या यादीत होतं.

कृष्णातला घरी येऊन अजून आठवडा व्हायचा होता. शिरोलीच्या फौंड्रीत वितळलेलं लोखंड ओतणारा गडी, आणि आता त्याच्या हातात चहाची बशी ठरत नव्हती. दिवसा तो बरा असायचा. बरा म्हणजे, टीव्हीसमोर बसून टीव्ही न बघण्याइतका बरा. सांज व्हायला लागली की उठायचा, चपला घालायचा, काढायचा, परत घालायचा. एकदा पूर्णिमानं चपला लपवल्या, तर म्हणाला, "अनवाणी जाईन की. पाय कुठं लपवशील?" तिनं गुमान चपला परत आणून ठेवल्या.

रविवारी ती सकाळीच उठून मटणाच्या दुकानासमोर रांगेत उभी राहिली. घरी येऊन खोबरं भाजलं, तीळ भाजले, वाटण वाटलं. मटण शिजवून त्याचं बिनतिखटाचं पाणी, म्हणजे अळणी, काढून ठेवली. एका शेगडीवर तांबडा रस्सा, दुसरीवर पांढरा. बऱ्याच दिवसांनी तिला आपण काहीतरी करतोय असं वाटत होतं. गुणगुणतसुद्धा होती.

कृष्णात स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. कपाळावर घाम, तोंड पांढरं.

"कोण येणार हाय?"

"कोण न्हाय. तुमच्यासाठनंच केलंय की. मोनाताई म्हणाल्या…"

"गॅस बंद कर."

"थांबा की जरा, वर तेलाचा कट सुटायचाय अजून."

"पूर्णे, बंद कर म्हणतोय न्हवं!"

तिनं गॅस बंद केला. तो चौकटीला धरून खाली बसला आणि पहिल्यांदाच तिला सांगितलं. त्यांच्या दोस्तांचं रस्सा मंडळ होतं. कळंब्याच्या तळ्याकाठी चूल मांडायची आणि रस्सा कृष्णातनंच करायचा, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. वाटण परतायला घेतलं की पहिला पेग. अळणी निघाली की दुसरा. एका हातात पळी, एका हातात ग्लास.

"ह्यो वास आला की माझ्या तोंडाला पाणी सुटतंय, ते मटणाचं न्हाय गं," तो म्हणाला. "म्हणून रडाय येतंय."

पूर्णिमाला हे ठाऊक कसं असणार? मंडळाचा रस्सा कधी बायकांच्या ताटात आला नव्हता. तिच्या वाट्याला आले होते ते शर्टावरचे तेलाचे डाग.

गॅस बंद झाला, वास काही बंद होईना. खिडकी लावली तर तो आतच दाटला. उघडली तर शेजारचा वास आत आला, त्याच्यामागनं त्याच्याही पलीकडचा. रविवारी दुपारी कोल्हापुरात वाऱ्याला दुसरं कामच नसतं. तिनं उदबत्ती लावली. मग मटण आणि उदबत्ती असा मिळून वास यायला लागला.

कृष्णात शर्ट चढवत होता. बटणं वरखाली लागली होती. "कोपऱ्यापर्यंत जाऊन येतो."

कोपऱ्यावर काय होतं ते दोघांनाही माहीत होतं. पूर्णिमानं त्याचा दंड धरला आणि भिंतीपलीकडं हाक मारली, "तानाबाई! अवो तानाबाई!"

"काय गं? खारट झालं?" करत शेजारची तानाबाई आली. तिचा नवरा दारूपायीच गेलेला, त्यामुळं तिला फार सांगावं लागलं नाही. पातेलं बघून तिनं कपाळाला हात लावला.

"अगं भवाने, ह्याला मटण? आणि आज? अक्कल काय दवाखान्यात ठेवून आलीस?"

"मला काय ठावं…" पूर्णिमाला हुंदका आला.

"रड नंतर. गल्लीत मटण न शिजणारं एकच घर हाय. बसव्वाकडं न्हे त्याला. पातेली मी नेते. आणि कृष्णात, ती बटणं नीट लाव बाबा, म्हातारी भ्यायची."

बसव्वा गल्लीच्या टोकाला राहायची. निपाणीकडची लिंगायत म्हातारी, घरात कधी अंडंसुद्धा फुटलेलं नाही. रविवार आला की सगळ्या खिडक्या लावून बसायची, आणि त्यावरनं गल्ली तिची चेष्टा करायची. पूर्णिमानंही केली होती.

दोन्ही बाजूंनी कुकर शिट्ट्या मारत होते. कृष्णात पुराच्या पाण्यातनं चालल्यासारखा चालत होता. कोपऱ्याचा रस्ता जिथं फुटतो तिथं तो थांबला.

"थोडीच घेतो. चहाच्या कपाएवढी. तुझी शपथ."

पूर्णिमाला ओढायचं बळ नव्हतं. तिनं हात सोडला. "चला. मी बी येते. आत शेजारच्या खुर्चीवर बसते."

"खुळी हायस काय? बायका येत न्हाईत तिथं."

"मी येणार."

त्यानं तिच्याकडं असं बघितलं की आता एक ठेवून देतो. मग मान खाली घालून बसव्वाच्या घराकडं वळला.

"बा, तम्मा," बसव्वा म्हणाली. तिच्या कन्नडात बा म्हणजे ये, धाकल्या भावाला तम्मा म्हणतात, आणि तिला सगळी गल्लीच धाकली होती. तिनं काही विचारलं नाही. फुलपात्रभर ताक दिलं. आत अंधार, गारवा, विभूतीचा आणि भाकरीचा वास. कृष्णात भिंतीला टेकला, डोळे मिटले. पूर्णिमाच्या जिवात जीव आला.

मग त्याचा गुडघा हलायला लागला.

"वास गेला न्हवं?" तिनं हळूच विचारलं.

"गेला."

"मग?"

"वास गेला गं," तो म्हणाला. "तलफ हाईच."

पूर्णिमानं मोनाताईंना फोन लावला, रविवारचा तो बंद होता. शेवटी ती उठली आणि उंबऱ्यावर जाऊन बसली, दोन्ही हातांनी दोन्हीकडची चौकट धरून. बसव्वा उंबऱ्यावर कुणाला टेकू द्यायची नाही. आज तिनं तोंड फिरवलं आणि चुलीकडं बघत बसली.

कृष्णात उठून तिच्या मागं येऊन उभा राहिला.

"सरक."

ती सरकली नाही. त्यानं मनात आणलं असतं तर तिला बखोटीला धरून सहज बाजूला ठेवली असती. हे त्यालाही कळत होतं, तिलाही. त्यानं वरची चौकट धरली.

"तम्मा, ताक घालू आणखी?" बसव्वानं आतनं विचारलं.

बाहेर ऊन होतं तसंच होतं.

"घाला," कृष्णात म्हणाला.

पण तो आत गेला नाही. तिथंच, तिच्या डोक्यावर उभा राहून, रस्त्याकडं बघत प्यायला. हात हलून दोन थेंब तिच्या भांगात पडले. तिनं पुसले नाहीत, चौकट सोडावी लागली असती.

"मावशी, ताक किती हाय?" तिनं मागं न बघताच विचारलं.

"हाय की तांब्याभर."

पूर्णिमानं मान वळवून बघितलं. तांब्या फार मोठा नव्हता, आणि आजचा दिवस अजून बराच उरला होता.