डावखुरी गाठ

छापा

"चूक आहे, आई! चक्क चूक!"

जावई इतक्या आनंदानं ओरडला की लेक ओल्या हातांनीच स्वयंपाकघरातून धावत आली. त्या घरात चुकीचं एवढं कौतुक आजवर कुणाच्याही वाट्याला आलं नव्हतं.

जुन्या बाजारातून त्यानं नाण्यांचा एक संच आणला होता. बंदराच्या शताब्दीला टांकसाळीनं काढलेला. पाच नाणी, दोन्ही बाजूंनी काच असलेली चपटी डबी, वरून निळी फीत. फीत सोडल्याशिवाय डबी उघडत नाही. पुढून पाहिलं तर पाचही नाणी शहाण्या मुलांसारखी सरळ. डबी उलटली की चार नाण्यांवरची जहाजं सरळ, आणि मधल्या नाण्यावरचं...

"बुडतंय की हे!" लेक म्हणाली.

"बुडत नाही, वर येतंय! साचा फिरलाय, कळलं का? पुढचा ठसा सरळ, मागचा तिरका. असं नाणं टांकसाळीबाहेर पडतच नाही सहसा. खरं निघालं तर आपल्या संग्रहाचा राजा!"

"आणि खोटं निघालं तर?"

"तर तुझा नवरा मूर्ख."

"मग घरात काही फरक पडणार नाही," असं म्हणून लेक हात पुसत निघून गेली.

खुर्चीतल्या सासूबाई हसल्या नाहीत. एरवी जावयाच्या फजितीला त्या पहिल्या हसायच्या.

टांकसाळीत त्यांना नजरेमुळे सगळे घारबाई म्हणत. संचांच्या टेबलावर चौघी बसायच्या, त्यांतल्या या एक. उभी हयात एकच काम: हातमोजे घालून नाणं चिमटीत धरायचं, भिंगाखाली फिरवायचं, केसाएवढा ओरखडा दिसला तरी बाजूला टाकायचं, निर्दोष ते डबीत बसवायचं, फीत बांधायची. निरोपाच्या दिवशी साहेब भाषणात एकच वाक्य बोलले: या बाईंच्या हातून खराब नाणं कधी बाहेर गेलं नाही. बाकीच्या बायकांना शाली मिळाल्या, घारबाईंनाही मिळाली. शाल कपाटात गेली. वाक्य मात्र पाहुणा आला की बाहेर निघायचं.

आणि आता त्या डबीवरच्या गाठीकडे बघत होत्या. गाठ डावीकडे झुकली होती. टेबलावरच्या तिघी उजव्या हातानं बांधायच्या. डावखुरी एकच होती.

"काय हो आई, गप्पशा?"

"खोटं असेल, जावईबापू," घारबाई म्हणाल्या. "बाजारात हल्ली काय वाट्टेल ते तिरकं करून मिळतं."

काटा

बसमध्ये जावई खिडकीशी, मांडीवर डबी. घारबाई शेजारी. "मीही येते," असं त्यांनी आपणहून म्हटलं होतं. का, ते विचारायचं जावयाला सुचलं नाही. आनंदात माणसाला प्रश्न सुचत नाहीत.

सुटलं कसं?

नाणं दोन्ही बाजूंनी पाहिलं असणारच. न पाहता डबीत घालणं म्हणजे पाप. पुढची बाजू भिंगाखाली, मग मागची. जहाजाचं शीड, डोलकाठी, लाटा, सगळं तुकड्यातुकड्यानं. ओरखडा नाही, डाग नाही, टवका नाही...

आणि तिथंच सापडलं. भिंगातून बघणाऱ्याला अख्खं नाणं कधी दिसतच नाही! त्या केस शोधत बसल्या आणि डोकंच नजरेतून सुटलं. साध्या डोळ्यांनी, हात लांब करून, नुसतं एकदा बघायचं होतं. लेकीला नाही का, पदराला हात पुसता पुसता दिसलं!

घारबाईंना हसूही आलं आणि कानाची पाळीही तापली.

नाण्यांचं दुकान अरुंद होतं. नाणेवाला गलेलठ्ठ, त्यामुळे दुकान आणखीच अरुंद. त्यानं भिंग डोळ्याला चढवलं, डबी पुढून पाहिली, मागून पाहिली, आणि शीळ घातली.

जावयानं घारबाईंचा दंड धरला. घारबाईंनी श्वास.

"फिरलेला साचा," नाणेवाला म्हणाला. "सुरेख. असं दुसरं मी पाहिलेलं नाही." मग त्याचं बोट फितीवर आलं. "पण साहेब, तुम्हाला टोपी घातली कुणीतरी."

"म्हणजे?"

"गाठ बघा. टांकसाळीची गाठ उजवीकडे झुकते. ही डावीकडे. म्हणजे डबी उघडली, आतलं खरं नाणं काढलं, घरी बनवलेलं हे ठेवलं आणि परत बांधली. चोर हुशार, पण गाठीत सापडला."

"पण नाणं तर बघा ना, धातू, वजन..."

"वजन करायला डबी उघडावी लागेल. आणि उघडली की मग कुणी उघडली, हे कोण सांगणार? जाऊ द्या. डबी छान आहे, टेबलावर ठेवा. मुलं खेळतील."

जावयाचा चेहरा असा उतरला की जणू फीत त्याच्याच गळ्यातली सोडून घेतली. "बरं," तो म्हणाला. तेवढंच. डबी उचलून रुमालात गुंडाळायला लागला.

घारबाईंना हवं होतं तेच झालं होतं. नाणं खोटं. साहेबांचं वाक्य शाबूत. तोंड बंद ठेवून फक्त दारापर्यंत चालत जायचं होतं.

जावयाला रुमालाची टोकं जुळवता येईनात.

"थांबा हो," घारबाई म्हणाल्या. "फीत आहे का दुकानात?"

"फीत? कशाला मावशी?"

"द्या तर खरं. आणि एखादी रिकामी डबी."

नाणेवाल्यानं दिली. घारबाईंनी डावा हात पुढे घेतला. वेढा, आडवा पदर, बोटाखालून ओढ, आणि गाठ बसली. त्यांनी ती डबी जावयाच्या डबीशेजारी ठेवली. दोन्ही गाठी एकाच कुशीवर झोपलेल्या बहिणी.

नाणेवाल्यानं भिंग काढलं. पुन्हा घातलं.

"संचांच्या टेबलावर होते मी," घारबाई म्हणाल्या. "ही डबी कुणी उघडलेली नाही. नाणं टांकसाळीचंच आहे, आणि ते सोडलं मी. माझ्या हातून सुटलं." मग जावयाकडे वळून, जरा मोठ्यानं, "चूक आहे, जावईबापू. चक्क चूक!"

जावयानं आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग जहाजाकडे, आणि भर दुकानात वाकून सासूच्या पायाला हात लावला. उठताना टेबलाचा कोपरा डोक्याला लागला. तरी हसतच होता.

"विकायचंय?" नाणेवाल्यानं विचारलं.

"वेड लागलंय का? सासूबाईंची एकुलती एक चूक आहे ती!"

कड

नाणेवाला मात्र हसत नव्हता. तो खालचा खण ओढत होता. खण अडला, त्यानं गुडघा टेकून ओढला.

आत डब्या. बंदराच्या, पुलाच्या, रेल्वेच्या, निळ्या फितीच्या. सगळ्यांच्या गाठी डावीकडे.

"इतकी वर्षं या सगळ्या उघडलेल्या समजून खाली टाकत आलो, मावशी," तो म्हणाला. "निम्म्या भावात देतो. तरी कुणी घेत नाही."

घारबाई स्टुलावर बसल्या. एकेक डबी हातात घेतली. या वेळी भिंग मागितलं नाही. हात लांब करून पुढून बघितलं, उलटून मागून बघितलं. पूल सरळ. इंजिन सरळ. जहाज सरळ. दुसरं जहाज, तेही सरळ. जावई खांद्यावरून बघत होता. चौथ्या डबीनंतर तोच एकेक डबी पुढे करू लागला.

खण रिकामा झाला तेव्हा त्यांनी एक पुलाची डबी बाजूला काढली.

"ही घेते मी."

"अशीच न्या हो मावशी. तुमचीच तर आहे."

"अशी नको."

"बरं, मग निम्म्या भावानं..."

"निम्म्या भावानं का? उघडलीय का कुणी?"

नाणेवाल्यानं डबीच्या कोपऱ्यातली जुनी चिठ्ठी नखानं खरवडून काढली, कोरी चिठ्ठी चिकटवली आणि तिच्यावर पूर्ण भाव लिहिला.

पर्स उघडी धरून घारबाई शाई वाळायची वाट बघत राहिल्या.