पट्ट्याचं नवं भोक

ऑरिनची पँट पट्ट्याच्या जिवावर टिकून होती आणि पट्ट्याची भोकं संपली होती. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या जॉर्जियातून ही हजारो मैलांची पायवाट चालायला निघाला तेव्हा गड्याचं पोट चांगलं सुटलेलं. डोंगरामागून डोंगर चढत न्यू हॅम्पशायरला पोहोचेपर्यंत ते पार आत गेलं. सोबत चालणाऱ्या बायकोने, नेटीने, वाटेत बजावलंच होतं, "पट्ट्याला अजून एक भोक पाडावं लागलं, की गाशा गुंडाळायचा. बस पकडायची आणि घरी!"

आता फक्त मेन राज्य राहिलं होतं. तिथला कटाडिन डोंगर चढला की वाट संपली. एवढं चालून इथून परत फिरायचं? नुसत्या विचाराने ऑरिनला रडू यायचं. आणि नेटीला तर निमित्तच हवंय, अशी त्याची खात्री. तिचे गुडघे कुरकुरत होते, परसातल्या टोमॅटोंच्या आठवणी निघत होत्या.

म्हणून आणखी वाळू नये, या बेताने त्याने तेल प्यायला सुरुवात केली. या वाटेवरची पोरं करतातच की! ओझं वाढवायचं नाही, पण अंगात ताकद तर हवी. मग छोट्या बाटलीत ऑलिव्ह तेल घ्यायचं, नूडल्समध्ये ओतायचं, नाहीतर सरळ तोंडाला लावायचं. पण नेटीसमोर? छे! डॉक्टरने एकदा कोलेस्टेरॉलचं नाव काढलं, तेव्हापासून ही बाई नवऱ्याच्या टोस्टवरचं लोणी सुरीने खरवडून काढायची. म्हणून ऑरिन रोज सकाळी झाडामागे जाऊन गुपचूप घोट घ्यायचा आणि बाटली मोज्यात दडवायचा.

त्या सकाळी मात्र पोटाने दगा दिला. मुक्कामाच्या लाकडी निवाऱ्यापासून संडासाच्या खोपटापर्यंत ऑरिनच्या धावण्याच्या शर्यतीच सुरू झाल्या. शेवटी घामाघूम होऊन तो ओंडक्यावर बसला.

"काय खाल्लंस रे?" नेटीने विचारलं.

"तू दिलेली ओट्सची खीर. दुसरं काय?"

"ऑरिन!"

आता लपवण्यात काय अर्थ होता? त्याने मोज्यातून बाटली काढून तिच्यासमोर धरली. "रोज पितो. घाल शिव्या."

नेटी बाटलीकडे बघतच राहिली. मग तिला असं हसू फुटलं, की बिचारी गुडघे धरून खाली बसली. पिशवीत हात घालून तिनेही एक बाटली काढली. तेलाचीच, तळाला गेलेली.

"मागच्या वरमाँट राज्यापासून घालतेय. तुझ्या खिरीत, तुझ्या नूडल्समध्ये."

"अगं बये! म्हणजे दोन्हीकडून?"

"मला काय माहीत तू चोरून ढोसतोयस ते!"

"पण तुला तर घरी जायचं होतं ना?"

"मला?" नेटीचं हसू थांबलं. "अरे, मला कटाडिन चढायचाय. पण तुझ्याबरोबर. तू रोज असा वाळत चाललास, भीती वाटली मला. म्हणून ती भोकाची अट."

ऑरिनने तिला जवळ घ्यायला हात पुढे केले. तो घाईने उठला आणि पँट सर्रकन खाली घसरली. दोन्ही हातांनी ती धरून तो ओशाळला. झालं! संपली वाट.

नेटीने त्याचा पट्टा ओढून घेतला, मांडीवर ठेवला आणि चाकूच्या टोकाने स्वतःच नवं भोक पाडलं.

"हे भोक अटीत धरायचं नाही," ती म्हणाली. "आणि आजपासून तेल मी ओतणार. तू फक्त खायचं."