ठमीचा खोकला

हाताची वाटी करून आई ठमीच्या पाठीवर थापट्या मारत होती, आणि मारता मारताच तिला डुलकी लागत होती. दवाखान्यातलं बाक, मांडीवर पालथी पडलेली लेक, समोर बंद दार. थापटीचा आवाज पोकळ यायला हवा, चापट मारल्यासारखा नाही, हे तिच्या हाताला आता झोपेतसुद्धा कळत होतं. हात थांबला की ठमी मान न वळवताच सांगायची, "आई, झोपलीस." की हात पुन्हा सुरू.

ठमीचं दुखणं जन्मापासूनचं. छातीतला कफ डिंकासारखा चिकट. तो आपणहून सुटेल तर शपथ. रोज सकाळ-संध्याकाळ औषधाची वाफ द्या, पाठ थोपटा, मिनतवाऱ्या करा, तेव्हा कुठे हलणार. दुखण्याचं लांबलचक इंग्रजी नाव नातेवाइकांना सांगून आईची जीभ झिजली होती. हल्ली ती "छातीचं आहे" एवढंच म्हणून मोकळी व्हायची. दिवसभर लाँड्रीत इस्त्री घेऊन उभं राहायचं, घरी आलं की वाफेच्या यंत्राचे भाग उकळत ठेवायचे, आणि ते गार होईपर्यंत ओट्याला टेकून डोळे मिटायचे. बाई पार पिचून गेली होती. पण गेले काही महिने त्यातल्या त्यात बरे गेले होते. ठमी खोकायची थांबली होती. आईने हे लाँड्रीत सगळ्यांना सांगितलं होतं, आणि सांगताना तिचं तिलाच बरं वाटलं होतं.

दार उघडलं. डॉक्टरीणबाईंनी आत बोलावलं.

गेल्या आठवड्यात ठमीला भूल देऊन छातीचा स्कॅन काढला होता, आणि फुप्फुसात थोडं पाणी सोडून ते परत ओढून तपासायला पाठवलं होतं. आज त्याचा निकाल. डॉक्टरीणबाई हळू बोलणाऱ्या, त्याही दिवसभराच्या थकलेल्या. त्यांनी संगणकाचा पडदा आईकडे वळवला आणि पेनाच्या टोकाने दाखवलं: उजव्या बाजूला खाली, हवेची एक नळी जरा जाड झालेली. फार नाही. पण त्या पाण्यात एक द्रव्य सापडलं होतं. शरीराच्याच पांढऱ्या पेशी जंतूंशी लढताना ते सोडतात, आणि ते जंतूंबरोबर फुप्फुसाची भिंतही कुरतडतं. इतक्या लहान वयात ते दिसलं की पुढे नळ्या कायमच्या फुगून बसण्याचा धोका जास्त. त्या म्हणाल्या, हीच खूण आपण शोधत होतो. लवकर सापडली हे त्यातल्या त्यात चांगलं.

चांगलं कसलं डोंबलाचं, असं ओठांवर आलेलं आईने गिळलं.

"पण ती खोकतच नाही हो," ती म्हणाली.

बऱ्याच मुलांचं असंच असतं, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. खोकला दिसायच्या आधीच आत सुरुवात झालेली असते, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. औषध वाढवू. पण कफ बाहेर पडलाच पाहिजे, तो आत साचून राहणं आता परवडणार नाही. ठमी पाच वर्षांची झाली, नुसत्या थापट्यांवर किती दिवस भागवणार? जोरात श्वास सोडून खोकायचं कसं, ते पलीकडच्या खोलीत फिजिओवाल्या ताई शिकवतील.

ताईंनी ठमीसमोर छोटा आरसा धरला आणि त्यावर वाफ धरेपर्यंत तोंड उघडून हाऽऽ करायला सांगितलं. ठमीने केलं. छातीत घरघर वाजली, ती आईलासुद्धा ऐकू आली. ठमीचा चेहरा लाल झाला, मानेच्या शिरा ताणल्या, आणि मग काहीच झालं नाही. तिने आवंढा गिळला होता. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच.

"येतोय की वर," ताई म्हणाल्या. "मग गिळतेस कशाला?"

ठमीने आईकडे पाहिलं. "आई, खोकू?"

आईला आधी काही कळेना. "विचारायचं काय त्यात?"

"तुला चालेल?"

ताईंनी आरसा खाली ठेवला आणि आईला का चालणार नाही, असं विचारलं.

"मी खोकले की घरात सगळे गप्प होतात," ठमी म्हणाली, पावसात कपडे भिजतात असं सांगावं तसं. "बाबा जेवायचे थांबतात. मग आई अशी बघते."

आणि तिने करून दाखवलं. भुवया वर, ओठ आत ओढलेले, डोळे मोठे आणि कोरडे. ताईंना हसू फुटणार होतं, पण त्यांनी आईकडे पाहिलं. तो चेहरा तिथेच, शेजारच्या खुर्चीवर बसला होता.

न खोकता संध्याकाळ गेली की बाबा लेकीला खांद्यावर घेऊन घरभर मिरवायचे, आमची पोरगी एकदम ठणठणीत, म्हणून. आई पापा घ्यायची. पोर घटकेघटकेला मोरीत जाऊन नळ सोडून हात धुते, दार लावून घेते, याचंही कौतुक झालं होतं. जंतूंची धास्ती घेतलेलं घर, त्यांना ती शहाणी वाटली होती. नळाच्या आवाजामागे ती काय करत असेल, हे कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. आईला स्वतःचाच राग आला.

"खोक," ती म्हणाली. "हवं तेवढं खोक."

ठमी खोकली. आधी घाबरत, कोरडं. मग पार तळापासून, एवढ्याशा जिवात मावणार नाही असं. खोकताना तिची नजर आईच्या तोंडावरून हलली नाही. आईला हसणं काही जमलं नाही. तिने चेहरा जागच्या जागी धरून ठेवला, एवढंच. ताईंनी भांडं पुढे केलं.

तोंड पुसून ठमी हळूच म्हणाली, "बाबांना सांगू नकोस."

"सांगणार आहे."

"ते जेवणार नाहीत."

"जेवतील. मी बघते त्यांच्याकडे."

ठमीने यावर विचार केला. मग आईचा चेहरा पुन्हा एकदा नीट निरखून ती म्हणाली, "अजून आहे."