बापलेकीचा पिवळा खेळ

मी एक जुना आरसा आहे, मित्रांनो. कोपऱ्यात टवका उडालेला, पाठीचा पारा सुटलेला; पण नजर अजून शाबूत!

लग्नाच्या पहिल्याच वर्षी मिराबाईने मला हिंगोलीच्या दसऱ्याच्या बाजारातून हट्टा गावाजवळच्या आमच्या बंजारा तांड्यावर आणले. तिथल्या जुन्या बाया घागऱ्यावर इवलेइवले आरसे शिवून मिरवायच्या, पण त्यांत तोंड काही दिसायचे नाही. मग काय थाट माझा! तांड्यातली प्रत्येक नवरी माझ्यासमोर नटली. पुढे मोबाइल आले, पोरी त्यातच तोंड बघू लागल्या आणि मी दाराआडच्या खिळ्यावर धूळ खात बसलो. मैत्रीण एकच उरली, मिराबाईची लेक कोमल.

कोमलला जन्मापासून सिकलसेल आहे. तिच्या रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि लवकर फुटतात. रोजची गोळी, भरपूर पाणी, आणि डॉक्टरांनी बजावलेले एक वाक्य : ताप आला, पोट फुगले, डोळे जास्त पिवळे झाले की तसेच निघून या. मिराबाईला ते तोंडपाठ होते.

पण घात केला तो हळदीने. हळद शिजवायचा, वाळवायचा हंगाम होता. माणसे पिवळी, कुत्री पिवळी, चहाच्या कपबशासुद्धा पिवळ्या. त्यात एका लेकराचे पिवळेपण कुणाच्या नजरेत भरणार? कोमल मलूल झाली, तर उन्हाने झाली म्हणून सगळ्यांनी सोडून दिले.

एका सकाळी ती तोंड धुऊन माझ्यासमोर आली. गालांवरची हळद निघाली, डोळ्यांतली निघेना.

"याडी, हळद डोळ्यात बी बसती का?"

"उडाली असंल. धू पाण्यानं," चुलीपाशी बसलेली आई म्हणाली.

"धूनच राहिले कवाची. निघंना."

एवढ्यात तिचा बाप पुनमचंद हळदीच्या खळ्यावरून आला, नखशिखांत पिवळा. कोमलला हसू फुटले. तिने त्याला ओढत माझ्यासमोर आणले. "बा, बघू बरं, कोण जास्त पिवळं!"

तो वाकला. माझ्या काचेत दोन तोंडे शेजारीशेजारी आली. बापाचे तोंड हळदीने माखलेले, पण डोळे पांढरे. लेकीचे तोंड धुतलेले, ओठ फिकट आणि डोळे पिवळेधमक.

मला वाचा असती तर मी बोंब ठोकली असती. पण पुनमचंदचे हसू आपोआपच विरले.

"मिरा, ही हळद न्हाई!"

मिराबाईने धावत येऊन लेकीचे पोट चाचपले. डाव्या बरगडीखाली ते फुगून टणक लागले. शेजारच्या सटवाजीने टेम्पोतली हळदीची पोती भर रस्त्यात उतरवली आणि तिघांना दवाखान्यात नेले. घर उघडेच राहिले. काचेला काळीज नसते म्हणतात. मित्रांनो, ते खोटे आहे.

कोमलला रक्त चढवले. "आणखी उशीर झाला असता तर लेकरू हाती लागलं नसतं," परत आल्यावर मिराबाई शेजारणीला सांगत होती आणि रडता रडता हसत होती. कोमल सरळ माझ्याकडे आली नि जीभ काढून दाखवली. जीभ गुलाबी होती! माझा जीव भांड्यात पडला.

आता मी अंगणाच्या दारी, भरपूर उजेडात टांगलेला असतो. तुमच्या घरीही असे नाजूक लेकरू असेल, तर रोज उजेडात त्याच्या डोळ्यांत बघत जा. कारण शोधत बसू नका, आधी दवाखाना गाठा. जमलेच तर माझ्यासारख्या एखाद्या म्हाताऱ्या आरशाची धूळही पुसा.

हळदीच्या दिवसांत आमच्याकडे तो खेळ रोज सकाळी होतो. बाप वाकतो, लेक टाचा उंचावते. आजही दोघांनी बराच वेळ निरखून पाहिले. मग कोमल टाळी वाजवून ओरडली, "बा, तूच पिवळा!"

याहून गोड बोल मी आजवर ऐकलेला नाही.